होतं तसं, होतं तिथं

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली खासबागेच्या कुस्ती मैदानाशेजारी उभं केलेलं हे ‘पॅलेस थिएटर’. पुढे त्याला संगीत रंगभूमीवरच्या त्या तडफदार गायकनटाचं नाव मिळालं. त्या रात्री रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या, छप्पर कोसळलं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. भिंतींतून धूर निघत होता आणि बाहेर जमलेल्यांमध्ये आयुष्यात पहिल्यांदा त्या फळ्यांवर उभे राहिलेले कितीतरी नट ओक्साबोक्शी रडत होते. राख निवण्याआधीच मागणी पुढे आली : होतं तसंच पुन्हा उभं करा.

ही मागणी ऐकली आणि मला व्हेनिस आठवलं. तिथेही अगदी हेच शब्द उच्चारले गेले होते. ‘होतं तसं, होतं तिथं’ ही तिथली जुनी घोषणा. १९०२ च्या जुलैत सान मार्को चौकातला शेकडो वर्षांचा घंटामनोरा ढासळला, तेव्हा शहराने याच शब्दांत निर्धार केला आणि दहा वर्षांत मनोरा पुन्हा उभा राहिला. १९९६ साली ‘ला फेनिचे’ हे ऑपेराचं नाट्यगृह जळाल्यावर महापौर मास्सिमो काच्चारी यांनी हीच घोषणा नव्याने दिली. बोलायला चार शब्द. ते पाळायला जवळजवळ आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत काय काय करावं लागलं, ते आपल्याला माहीत असायला हवं असं मला फार वाटतं. म्हणून हा लेख.

२९ जानेवारी १९९६. नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होतं, थोड्याच आठवड्यांत पुन्हा उघडणार होतं. रात्री नऊच्या सुमारास आग दिसली. व्हेनिसमध्ये गाड्यांचे रस्ते नाहीत. अग्निशमन दल होडीतून येतं आणि पाणी कालव्यातूनच उपसतं. पण फेनिचेला लागून असलेले कालवे त्याच सुमारास गाळ काढण्यासाठी कोरडे केले होते. पाण्यात उभ्या असलेल्या शहरात, आगीच्या तोंडाशी पाणी नव्हतं. लांबच्या कालव्यातून नळ्या ओढाव्या लागल्या, हेलिकॉप्टरने पाणी आणून वरून ओतलं. नाट्यगृह वाचणार नाही हे कळल्यावर जवानांनी सारी ताकद शेजारची घरं वाचवण्यावर लावली आणि ती वाचवली. जीवितहानी झाली नाही. सकाळी मात्र आतमध्ये काही नव्हतं. पाच मजली सोनेरी बैठका, निळं रंगवलेलं छत, झुंबर, सगळं खाली ढिगाऱ्यात, आणि वर आकाश. पुढे चौकशीत ही आग लावलेली असल्याचं सिद्ध झालं. दोन वीजतंत्री चुलतभाऊ होते. काम रखडलं होतं, दंड भरावा लागणार होता. तो दंड चुकवण्यासाठी त्यांनी आग लावली असा निकाल २००१ साली लागला.

‘फेनिचे’ म्हणजे फिनिक्स. नाव मूळचंच आहे, आणि तेही आगीतूनच आलेलं. १७७४ मध्ये व्हेनिसचं एक मोठं नाट्यगृह जळालं, मालकीवरून कोर्टकज्जे झाले आणि हरलेल्या मंडळींनी नवं नाट्यगृह बांधून त्याला हे नाव दिलं. जानान्तोनिओ सेल्वा या वास्तुविशारदाने ते बांधलं आणि १६ मे १७९२ रोजी पडदा उघडला. १३ डिसेंबर १८३६ ला ते जळालं. कारण ठरली नवी बसवलेली शेगडी. तोम्मासो आणि जांबात्तिस्ता या मेदूना बंधूंनी वर्षभरात, १८३७ च्या नाताळात, ते पुन्हा उभं केलं. दोन्ही आगींतून सेल्वाची दर्शनी भिंत वाचली. आत जे होतं ते मात्र प्रत्येक वेळी नवं.

इथे खरा प्रश्न सुरू होतो. ‘होतं तसं’ म्हणजे कधी होतं तसं?

१८३७ ची सजावट लोकांच्या मनात फार दिवस टिकली नाही. जांबात्तिस्ता मेदूनाने १८५४ मध्ये प्रेक्षागृह पुन्हा नव्याने सजवलं. वेलबुट्टी, गुबगुबीत बालदेवता, पऱ्या, कोरीव चौकटी आणि सोन्याचा वर्ख. १९९६ साली जे जळालं ते मुख्यतः हे. आता एक तारीख शेजारी ठेवून बघा. व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’ फेनिचेत पहिल्यांदा झाला ११ मार्च १८५१ ला. ‘ला त्राव्हियाता’ ६ मार्च १८५३ ला, आणि त्या रात्री तो रंगला नाही, साफ आपटला. म्हणजे ज्या सोनेरी दालनाकडे बघून जगभरचे रसिक ‘इथेच त्राव्हियाता पहिल्यांदा ऐकू आला’ म्हणून गहिवरतात, ते दालन त्या रात्री अस्तित्वातच नव्हतं. त्याच भिंतींच्या आत, पण वेगळ्या छताखाली तो ऑपेरा झाला होता.

राजेशाही कक्षाची गोष्ट तर याहून बोलकी. १८०७ मध्ये नेपोलियन येणार म्हणून समोरचे कक्ष एकत्र करून त्याच्यासाठी मोठा कक्ष केला. १८४८ च्या क्रांतीत लोकांनी तो फोडून टाकला. ऑस्ट्रियाची सत्ता परत आल्यावर तो पुन्हा बांधला गेला. पुढे इटली एक झाली आणि त्यावर सव्हॉय राजघराण्याचं चिन्ह आलं. राजेशाही संपली तेव्हा त्या जागी व्हेनिसचा सिंह बसला. एकाच चौकटीत इतकी राज्यं येऊन गेली. आगीनंतर हा कक्ष ‘होता तसा’ करायचा म्हटलं की कुठलं राज्य परत आणायचं ते ठरवावं लागतं. व्हेनिसने सिंह ठेवला.

मला यात कमीपणा दिसत नाही. नाट्यगृहाची सजावट देवळाच्या मूर्तीसारखी नसते, ती अंगावरच्या वस्त्रासारखी असते. ती बदलत आली आहे. पण बदलत आली म्हणून काहीही चालेल, असं होत नाही. कुठल्या दिवसाचं वस्त्र हवं ते ठरवा आणि मग त्याचा प्रत्येक टाका ओळखा. व्हेनिसने १८५४ निवडलं, आणि कामाला लागण्याआधी बरंच भांडण केलं. १९९७ ची स्पर्धा गाए आउलेन्ती यांच्या आराखड्याने जिंकली. काम सुरू झालं, पण इमारतीचा एक भाग त्या प्रस्तावात धरलाच नव्हता म्हणून १९९८ च्या फेब्रुवारीत वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दुसऱ्या क्रमांकाचा, आल्दो रॉसी यांचा आराखडा पुढे आला. रॉसी तोपर्यंत हयात नव्हते. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये अपघातानंतर त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम उचललं. २००१ मध्ये कंत्राटदारही बदलला. ही तपशीलवार कटकट इथेच सोडतो. दगड, विटा आणि कंत्राटं सगळीकडे सारखीच.

सजावटीचं काम पुराव्यापासून सुरू होतं. मेदूनाची रेखाटनं होती, छायाचित्रं होती. पण छायाचित्रकार सहसा समोरून, दुरून फोटो काढतो. नक्षीची खोली, पाकळी किती वळली आहे, बालदेवतेचा खांदा भिंतीपासून किती पुढे आला आहे, हे त्यात दिसत नाही. इथे एक अनपेक्षित साक्षीदार मदतीला आला. लुकिनो व्हिस्कोंती यांनी १९५४ मध्ये ‘सेन्सो’ हा चित्रपट केला, त्याची सुरुवातच फेनिचेच्या आत होते. कॅमेरा प्रेक्षागृहात फिरतो, तिरप्या उजेडात बैठकांवरून जातो. रॉसींच्या मंडळींनी त्या दृश्यांतली एकेक चौकट थांबवून तपशील टिपले. चाळीसएक वर्षांपूर्वी गोष्ट सांगण्यासाठी केलेलं चित्रण सुतारांच्या आणि मूर्तिकारांच्या टेबलावर नकाशा म्हणून आलं.

दुसरा पुरावा डोळ्यांना दिसणारा नव्हता. आगीच्या थोडंच आधी लाम्बेर्तो त्रोंकिन आणि आंजेलो फारीना या ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांनी फेनिचेचं ध्वनिमापन केलं होतं. माणसाच्या दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवायचे, एक क्षणभराचा आवाज करायचा, आणि तो दालनात कसा फिरतो, किती वेळ रेंगाळतो, कुठून कुठे आदळून परत येतो, ते ठिकठिकाणी बसून नोंदवायचं. म्हणजे दालन कसं दिसत होतं एवढंच नव्हे, ते कसं घुमत होतं हेही नोंदलेलं राहिलं. नाट्यगृह राख झालं, त्याचा आवाज मोजलेला उरला. त्या दोघांना पुढे काय होणार आहे याची कल्पनाही नव्हती. ते आपलं रोजचं काम नीट करत होते.

आणि आवाज हाच सजावटीशी जोडलेला धागा आहे. फेनिचेच्या बैठकांवरची ती जड दिसणारी सोनेरी नक्षी बरीचशी जड नव्हतीच. कोरीव लाकूड होतं, आणि त्याच्या बरोबरीने कागदाचा लगदा. इटालियन भाषेत त्याला ‘कार्तापेस्ता’ म्हणतात. व्हेनिस चिखलात रोवलेल्या लाकडी खुंटांवर उभं आहे, वजन वाढवणं तिथे परवडत नाही. शिवाय कागद आणि लाकूड आवाजाशी दगडासारखे वागत नाहीत. ते थोडा आवाज पितात, थोडा परत देतात, आणि नक्षीचे उंचवटे तो एकाच दिशेने फेकण्याऐवजी विखरून टाकतात. स्वस्तात व्हावं म्हणून किंवा लवकर व्हावं म्हणून हेच आकार एखाद्या कठीण, गुळगुळीत पदार्थात ओतले असते तर फोटोत फरक कळला नसता. गाणं सुरू होताच कळला असता.

म्हणून कार्तापेस्ताच करायचा ठरला. तो करायचा कसा? आधी चिकणमातीत पूर्ण आकार घडवायचा. त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढायचा. मग खळीत भिजवलेले कागदाचे तुकडे साच्यात आतून एकावर एक दाबत जायचे, बोटाच्या टोकांनी, प्रत्येक खाचेत. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे नाक बसकं होतं. वाळलं की साच्यातून सोडवायचं, कडा कापायच्या, जोड लपवायचे. कागदी लगद्याचे गणपती करणाऱ्याला यातलं एकही पाऊल समजावून सांगावं लागणार नाही. फरक असतो तो अंतराचा. गणपतीकडे आपण हाताच्या अंतरावरून बघतो. छताजवळची बालदेवता खालून, कित्येक हात अंतरावरून आणि तिरपी दिसणार असते, तेव्हा तिचे डोळे खोल घ्यावे लागतात, कपाळ पुढे काढावं लागतं. जवळून पाहिलं तर चेहरा विचित्र वाटतो, खाली उभं राहिलं की तोच गोड दिसतो.

हे ज्याला उपजत कळतं तो नेपथ्यकार. म्हणूनच सजावटीची सूत्रं माउरो कारोझी या रंगमंचाच्या नेपथ्यकाराकडे गेली, आणि मला हा त्या सबंध प्रकल्पातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. मूर्तिकामाचे नमुने घडवले ग्वेरिनो लोव्हातो या व्हेनिसच्याच मुखवटेकाराने. मुखवटेकाराने, हे पुन्हा वाचा. व्हेनिसचा कार्निव्हल एकेकाळी बंद पडला होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा सुरू झाला, त्याबरोबर कागदी मुखवट्यांचा धंदा उभा राहिला. दुकानं पर्यटकांची होती हे खरं, पण त्या दुकानांच्या मागच्या खोल्यांत माती, साचा, खळ आणि कागद रोज हाताळले जात होते. ते हात चालू नसते तर १९९६ नंतर चित्रपटाच्या चौकटी आणि जुनी रेखाटनं असूनही उपयोग झाला नसता. कागदावरचा आकार वाचून तो मातीत उतरवणारा माणूस कोठून आणणार? अशी माणसं निविदा काढून मिळत नाहीत. ती कोणत्या ना कोणत्या साध्या, रोजच्या, कधीकधी हिणवल्या गेलेल्या धंद्यात पोट भरत टिकून राहिलेली असतात.

मग सोनं. वर्ख म्हणजे किती पातळ? मिलिमीटरचे दहा हजार भाग करा, त्यातला एक. बोटाने उचलला तर बोटावरच विरतो, श्वासाने उडतो. जुन्या रीतीत आधी पृष्ठभागावर सरस आणि पांढऱ्या खडूसारख्या भुकटीचे थरामागून थर देतात, घासून गुळगुळीत करतात. त्यावर तांबड्या मातीचा बारीक लेप. सोन्याच्या खालून हा तांबडा रंग ऊब देतो. तो नसेल तर सोनं फिकट, पिवळट दिसतं. मग पृष्ठभाग ओलसर करून रुंद, मऊ केसांच्या कुंचल्याने वर्ख अलगद ठेवायचा, आणि नेमका सुकत आला की अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. लवकर घोटला तर फाटतो, उशीर झाला तर चमक येत नाही. ही वेळ घड्याळ सांगत नाही. कारागीर दगड हलकेच टेकवून आवाज ऐकतो, हाताला लागलेला ओलावा ओळखतो. अशी शेकडो पानं, हजारो फुलं. सगळीकडे घोटायचंही नसतं. उंचवटे चमकते आणि खाचा मंद ठेवल्या तरच नक्षीला जीव येतो. शिवाय ही सजावट आजच्या दिव्यांपेक्षा कितीतरी मंद, हलत्या ज्योतींसाठी केलेली होती. विजेच्या उजेडात तेच सोनं अंगावर येऊ शकतं.

१४ डिसेंबर २००३ ला रिकार्दो मुतींच्या मैफलीने फेनिचे पुन्हा उघडलं. खर्च सुमारे ९ कोटी युरो. खुर्च्यांची संख्या पूर्वीच्या साधारण ८४० वरून हजाराच्या घरात गेली. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला ऑपेरा झाला तो अर्थातच ‘ला त्राव्हियाता’. टीका तेव्हाही झाली, आजही होते. फार चकचकीत, फार नवं, जुन्याचं सोंग. ही टीका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे एक गंभीर विचार आहे आणि तो नेमका व्हेनिसमध्येच लिहिला गेला आहे. १९६४ च्या मे महिन्यात जगभरचे जाणकार तिथे जमले आणि त्यांनी जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद तयार केली. ती ‘व्हेनिस सनद’ म्हणूनच ओळखली जाते. तिचं म्हणणं थोडक्यात असं : जिथे अंदाज बांधावा लागतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि जे नव्याने घातलं ते मूळच्याशी सुसंगत असलं तरी नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे. रोममध्ये चेझारे ब्रांदी यांच्या संस्थेने तर चित्रातला गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरण्याची रीत काढली. दुरून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात आणि इथे मूळ नाही हे प्रामाणिकपणे कळतं.

मग फेनिचेचं प्रेक्षागृह या सनदेच्या विरुद्ध आहे का? अक्षराने पाहिलं तर आहे. तिथे मूळचं काही उरलं नव्हतं, म्हणून ‘जीर्णोद्धार’ हा शब्दच तिथे लागू पडत नाही. ती पुनर्निर्मिती आहे. पण मला वाटतं, नाट्यगृह ही केवळ वस्तू नाही, ते एक वाद्य आहे. तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर मिरजेचा कारागीर फुटक्या भोपळ्याचं संग्रहालय करत नाही. तो त्याच घेराचा भोपळा शोधतो, कारण तंबोरा वाजायला हवा. फेनिचेने प्रेक्षागृहाच्या बाबतीत तेच केलं.

बार्सिलोनाने मधली वाट काढली. तिथलं लिसेऊ ३१ जानेवारी १९९४ रोजी जळालं. वेल्डिंगची ठिणगी पडद्यावर पडली होती. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ते पूर्वीच्याच घाटाचं, सोनेरी, लाल असं पुन्हा उघडलं. छतावरची गोल चित्रं मात्र कोणी नकलून काढली नाहीत. ती जागा पेरेझाउमे या समकालीन कलावंताला दिली आणि त्याने तिथे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा डोंगरांसारख्या पसरल्या. सोन्याच्या चौकटीतली जागा आपल्या काळाला दिली. हेही मला मनापासून पटतं. आगीनंतरचं काम एकाच नियमाने होत नाही. चौकट परत आणायची की चित्र, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवावं लागतं.

आपल्याकडे परत येतो. केशवराव भोसले नाट्यगृहात सोन्याचा वर्ख नव्हता. मराठी संगीत रंगभूमीची सजावट भिंतीवर कमी आणि पडद्यावर अधिक होती. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक मंडळ्यांसाठी असे पडदे रंगवत, तिथूनच ते पुढे सिनेमाकडे गेले. आपलं सोनं गुंडाळून गाडीत घालता येत होतं. म्हणून कोल्हापुरात ‘होतं तसं’ याचा अर्थ नक्षीशी कमी आणि आवाजाशी जास्त आहे : विनामाईक गाणारा नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता तो कसा? लाकूड कोणतं, फळ्यांखाली पोकळी किती, छताचा उतार केवढा? गेल्या दशकात या वास्तूचं नूतनीकरण झालं होतं. मग परत आणायचं ते १९१५ चं की आग लागण्याच्या आदल्या दिवशीचं? व्हेनिसचा अनुभव सांगतो की हे आधी मोकळेपणाने बोललं नाही तर ते कंत्राटदार ठरवतो.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस जळालं नव्हतं, नुसतं विसरलं गेलं होतं. १९११ साली उद्घाटन झालेलं ते दालन सिनेमासाठी बदललं गेलं, १९९३ ला बंद पडलं, आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथेही जुने फोटो आणि कागद शोधूनच गेलेली सजावट परत आणावी लागली. आज महाराष्ट्रात जी जुनी नाट्यगृहं उभी आहेत, त्यांतल्या प्रत्येकाचं पक्कं मोजमाप, जवळून काढलेली छायाचित्रं आणि ध्वनीची नोंद आत्ताच, धूर दिसण्याआधी करून ठेवावी, एवढं मला कळकळीने मागायचं आहे. चार माणसं, आठवडाभर, एक नाट्यगृह. खर्च एखाद्या नाट्यसंमेलनाच्या मंडपाहून कमी येईल.

फेनिचेत प्रेक्षागृहाच्या बाहेर, पुढच्या बाजूला काही दालनं आहेत. आग तिथपर्यंत पोचली, पण तिने सगळं नेलं नाही. या दालनांत मात्र कारागिरांनी वेगळा नियम पाळला. जुन्या गिलाव्याचे, जमिनीचे उरलेले तुकडे जागच्या जागी ठेवून त्यांच्याभोवती नवं काम जोडलं. एका दालनाला दान्तेचं नाव आहे. त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकात जाकोमो काझा याने दान्तेच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले होते. आता त्यांचे तुकडेच आहेत. कुठे एखादी आकृती, कुठे नुसता रंग, आणि पुढे कोरी भिंत. मध्यंतरात याच दालनात लोक पेला हातात घेऊन उभे राहतात, बोलतात, आणि घंटा झाली की सोनेरी दालनात परत जातात.